मुक्ताबाईचं खोक्याचं शोकेस

मुक्ताबाईचं दिघ्यातलं घर पत्र्याचं होतं. तोरा मात्र स्लॅबचा. जालन्याकडची ही बाई एका औषधाच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं चिकटवायची. नवरा किसन शेजारच्या कंपनीत हमाल. थोरले दीर मारोतराव मात्र कारकून, वाशीत फ्लॅटवाले. त्यांच्या वैजयंतीबाईंचा एक नेम होता: आपल्याकडे नवं आलं की जुनं दिघ्याला. गळका स्टोव्ह, विरलेली सतरंजी, कान तुटलेले कप. मुक्ताबाई सगळं मुकाट घ्यायची.

चौऱ्याऐंशी साली वाशीला सनमायकाचं शोकेस आलं, आणि जुनं लाकडी शोकेस टेम्पोत बसून, न विचारता, दिघ्यात येऊन उतरलं.

मुक्ताबाईनं त्याच्या पाठीवर बोट वाजवलं. आवाज पोकळ आला आणि खाली पिवळा भुगा सांडला.

"जाऊबाईंनी संगं कीड बी फुकट धाडली," ती म्हणाली. "चढवा परत टेम्पोत."

किसनचा चेहरा पडला. "अगं, एकुलता एक भाऊ हाय माझा. दादा बोलनं टाकंल!"

"टाकू द्या. लई दिवस त्यांचं उतरलेलं मिरवलं. आता न्हाय."

टेम्पो आला तसा गेला. वाशीहून येणंजाणं खरंच बंद झालं. किसन जेवताना गप्प बसू लागला. शेजारची गोजरा मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "मुक्ते, आलेली लक्ष्मी धाडलीस. आता काय पाटावर मांडतीस कपबश्या?"

"शोकेसच आनीन. आन् लाकडाचंच आनीन."

तुर्भ्याला कारखान्यांत यंत्रं येत ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. ती खोकी फोडून सदू सुतार फर्निचर करायचा. मुक्ताबाईनं त्याच्याकडची फळी न् फळी उन्हात धरून पाहिली. गाठीची नको, ओली नको, वाकडी तर नकोच.

"मावशी, लाकूड बघताय का सून?" सदू वैतागला.

"सून येवडी निरखून करनार न्हाय मी."

एका फळीवर काळ्या रंगाचा मोठा बाण छापलेला होता. सदूनं रंधा उचलला, तर तिनं हात धरला. "ऱ्हाऊ दे. आपल्या आधी कुनाच्या घरात न्हवतं, हे दिसू दे."

शोकेस आलं ते सरळ दारासमोरच्या भिंतीला. पाय रॉकेलच्या डबड्यांत, म्हणजे मुंग्या-वाळवीची बिशाद नाही. ओलं फडकं त्याला लावायचं नाही, हा घरातला कायदा. खाडीच्या दमट हवेनं लाकूड फुगायचं, काच अडायची. मग ती खाचेत मेणबत्ती घासायची. नवऱ्याचं डोकं दुखलं तर एवढी धावपळ नसे.

वर्षभरानं मारोतराव स्वतःच आले. भावाविना त्यांनाही करमत नव्हतं. मागोमाग वैजयंतीबाई, नाक वर. आत येताच त्यांना बाण दिसला.

"हे खोक्याचं गं?"

"खोक्याचंच. पन नवंकोरं."

"आणि आत काहीच नाही?"

"भरंल हळूहळू. घाई काय? कुनी दिलेलं घालायचं न्हाय, असं ठरलंय."

मारोतराव आधी खोकले, मग चक्क हसले, आणि भावाच्या शेजारी सतरंजीवर टेकले. वैजयंतीबाईंनी मात्र शोकेसकडे पाठ केली आणि चहा येईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिल्या.

मुक्ताबाईनं कप पुढे केला.

"इकडं वळा की जाऊबाई. मान अवघडंल."