कानिटकर बाईंचा निम्मा निकाल

कानिटकर बाई स्वतः करून पाहिल्याशिवाय कशालाच बरं-वाईट म्हणत नसत. दिल्लीत आर. के. पुरमला आम्ही शेजारी होतो. त्यांच्या शाळेत नवे बूट मुलांना चावतात अशी तक्रार आली, तेव्हा बाई साडीखाली तसलेच बूट घालून दिवसभर वर्गावर गेल्या आणि संध्याकाळी लंगडत मुख्याध्यापकांपुढे उभ्या राहिल्या. "मुलं खरं बोलतायत," एवढंच म्हणाल्या. बूट बदलले.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे गुडगावला आल्या. मीही त्याच सोसायटीत फ्लॅट घेतला होता. घरोघरी नवरा-बायको दोघंही कंपनीत, आणि भरपाई म्हणून मुलांच्या खोलीत कॉम्प्युटर. त्यावर एक खेळ आला. जुन्या काळातलं राज्य चालवायचं, धान्य साठवायचं, किल्ले बांधायचे, शेजारची गावं जाळून जिंकायची. हा मुलांना योग्य की नाही, यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये जुंपली. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "मैडम हिस्ट्री की टीचर रही हैं, वही बताएँगी।"

बाईंनी ईशानला, आपल्या अकरा वर्षांच्या नातवाला, गुरू केलं. सैन्याआधी त्या शेतकऱ्यांची पोटं भरत, त्यामुळे त्यांचा किल्ला दर वेळी पडायचा. "माझं राज्य पोटभर जेवून बुडतं," असं हसत सांगायच्या. एकदा माझ्यादेखत ईशानने एक गाव जाळलं. बाईंनी विचारलं, "इथली माणसं कुठे गेली रे?"

"गायब हो जाती हैं, आजी।"

"माणसं गायब होत नाहीत, राजा. मरतात, नाहीतर पळतात. ही पळाली असतील तर कुठे?"

खेळ तसाच राहिला. त्या माणसांना कुठे लपवायचं, यावर आजी-नातवाची चर्चा इतकी रंगली की चहा गार झाला.

बाईंनी मीटिंगमध्ये निकाल दिला, "खेल अच्छा है। लेकिन बच्चे के पास कोई बड़ा बैठे, तभी दीजिए।" टाळ्या पडल्या. लोकांनी पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं. 'मैडम ने पास कर दिया' म्हणत खेळ घरोघरी पोचला. बाई दारोदार सांगत फिरल्या, "संध्याकाळी मुलांना माझ्याकडे पाठवा, मी बसते." कुणीही पाठवलं नाही. मुलं आपापल्या खोलीत गप्प होती, आईबापांना तेवढंच हवं होतं. त्या लोकांचा मला आजही संताप येतो.

मग ईशाननेही दार लावून घ्यायला सुरुवात केली. आजी फार प्रश्न विचारते, मजा जाते, अशी त्याने बापाकडे तक्रार केली. बाप आईला म्हणाला, "आई, तूच पास केलास ना? मग आता खेळू दे की त्याला."

बाई मला म्हणाल्या, "साफ नाही म्हणायला हवं होतं हो. अट घातली, तर लोकांनी अटच गाळली." त्या बंद दाराबाहेर सोफ्यावर स्वेटर विणत बसायच्या. आतून हाक येईल, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.

पुढच्या थंडीत बाई गेल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सेक्रेटरी म्हणाले, "बड़ी मॉडर्न सोच थी मैडम की। बच्चों का गेम उन्होंने ही पास किया था।" मला राहवेना. मी उठलो आणि बाईंचं दुसरं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं.

"हाँ हाँ, बिल्कुल," म्हणत त्यांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं.

बाईंचा मुलगा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना काका. आईला सवयच होती, प्रत्येक गोष्टीत काहीतरी अट घालायची."