आजोबांचं वाक्य जसंच्या तसं

“ताई, एवढं सांगू नका हं त्यांना,” सईची आई माझ्याकडे न बघता पुटपुटली. पण तिचे सासरे बोलून बसले होते, आणि समोर सईचे शिक्षक हेर मेन्सा (‘हेर’ म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) माझ्या भाषांतराची वाट बघत होते.

मी बॉनमध्ये दुभाषी आहे. पालकांना जर्मन येत नसेल तर शाळा मला बोलावते. नियम साधा: काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही आणि बोलणाऱ्याच्या जागी ‘मी’ म्हणूनच बोलायचं.

हेर मेन्सा चौथीचे वर्गशिक्षक, शाळेतले एकटेच कृष्णवर्णीय. आईवडील घानाचे, त्यांचा स्वतःचा जन्म इथलाच. सईचं गणित उत्तम आहे, म्हणून ते तिला गिम्नाझियमची, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची शिफारस देणार होते. वडील टूरवर, म्हणून सांगलीहून आलेले आजोबा सुनेबरोबर मीटिंगला आले. निवृत्त मुख्याध्यापक. शिफारशीचं ऐकून म्हणाले, “या लोकांना पळायला-नाचायला जमतं. याच्या शिफारशीला कोण विचारतंय? पोरीचा वर्ग बदलून मागा.”

माझ्या डोक्यात एक मऊसं वाक्य तयार झालं. ते हेर मेन्सांना लागू नये म्हणून नव्हतं. आपल्या लोकांची अब्रू जाऊ नये म्हणून होतं. हे लक्षात आलं आणि माझीच मला शरम वाटली. मग सगळं सांगितलं. “या लोकांना पळायला-नाचायला जमतं,” माझ्या तोंडून, त्यांच्या तोंडावर.

“बरं,” ते शांतपणे म्हणाले, “आता माझं सांगा.”

मी आजोबांकडे वळून हेर मेन्सांचं बोलणं मराठीत सांगितलं. “वर्ग बदलायचा तर अर्ज करा, मी अडवणार नाही. शिफारस सईने स्वतः मिळवली आहे. ती मी बदलणार नाही.”

आजोबा चिडले ते माझ्यावर. “बाई, आपल्या माणसाचं जरा झाकून घ्यायचं असतं.”

तेवढ्यात सईची आई मोडक्या जर्मनमध्ये, स्वतःच बोलली. “सई तुमच्याच वर्गात राहील.” ती काय म्हणाली ते सासऱ्यांनी विचारलं, आणि मी तेही जसंच्या तसं सांगितलं.

निघताना हेर मेन्सांनी माझे आभार मानले. म्हणाले, “बहुतेक दुभाषे असलं गाळतात. मला चेहऱ्यांवरून कळतं. मग मीही न कळल्यासारखं करतो.”

मीही ते गाळायच्याच बेतात होते; त्या आभारांनी मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाळलेलं वाक्य समोरच्याला ऐकू गेलं नाही, असं फक्त गाळणाऱ्यालाच वाटत असतं.