पाठकोरं रणांगण

तुमच्या चौकातलं फ्लेक्स उतरल्यावर कुठं जातं, हे तुम्ही कधी कोणाला विचारलं आहे का?

मीही विचारलं नव्हतं. मी फक्त फ्लेक्सच्या विरोधात पत्रक काढलं होतं. 'चौकाला त्याचं आकाश परत द्या' असा मथळा होता, आणि अमरावतीत आमच्या भागातल्या प्रत्येक पानठेल्यावर मी ते स्वतः चिकटवलं होतं. आमच्या घरात हे नवीन नव्हतं. बाबा पोटापुरते शिक्षक होते, बाकी सगळा वेळ पत्रकवाले. नळाला पाणी नाही, काढा पत्रक. दवाखान्यात डॉक्टर नाही, काढा पत्रक. उरलेल्या गठ्ठ्यांवर आम्ही दोघं भाऊबहीण वाढलो. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी, असा पाठकोरा कागद आमच्याकडे कधी फेकला गेला नाही. किराण्याची यादी, गणितं, दूधवाल्याला चिठ्ठी, सगळं पाठकोऱ्यावर. "छापलेली बाजू लोकांची, कोरी बाजू घराची," असं बाबा म्हणत.

त्या कोऱ्या बाजूवरच दादा आणि मी पहिली लढाई खेळलो. पेन्सिलीनं नदी काढायची, टेकडी काढायची. तुरीचे दाणे त्याचं सैन्य, हरभऱ्याचे माझं. मोठे झाल्यावर दादाला कळलं की असा खेळ जगभर मोठी माणसं खेळतात. बोटाच्या पेरांएवढे शिपाई असतात, पटावर बुद्धिबळासारखी घरं नसतात, कोण किती चालला हे टेपनं मोजतात आणि कोण पडला हे फासे सांगतात. मग त्यानं एकेक शिपाई जमवला, बारीक ब्रशनं रंगवला. आमच्या दिवाणावर त्यानं प्लायवूडची मोठी फळी टाकली, तिच्यावर शेतं आणि नाले रंगवले, आणि दर रविवारी दुपारी आमचं युद्ध सुरू झालं.

दादा एरवी फार बोलत नाही. तो बोलायचा ते त्या फळीवर वाकून, टेप ताणताना. परीक्षेत नापास झाला हे त्यानं मला तोफा सरकवताना सांगितलं होतं. एक मुलगी नाही म्हणाली, हे घोडदळाच्या पाळीला. माझ्याकडे न बघता सांगायचा, आणि मी उत्तर देण्याऐवजी फासा टाकायचे. एवढंच आमचं गुपित बोलणं होतं.

मग त्याला अकोल्यात नोकरी लागली. शिपायांचा डबा तो घेऊन गेला. फळी दारातून बाहेर काढतानाच नाकी नऊ आले असते, ती एसटीत कोण नेणार? तीन महिने फोनवर "जेवली का" आणि "हाव, जेवलो" एवढंच चाललं. आणि एक दिवस तो म्हणाला, "पुण्यातला एक जण पूर्ण सैन्य मागून राहिला. येत्या महिन्यात अकोल्याले येते. देऊन टाकतो."

"काहून?"

"खेळाचं कशावर? खोलीत एक खाट हाये अन् फरशी हाये. फरशीवर टाइल्सचे चौकोन. त्याच्यावर काय लढाई होते?"

शिपाई गेले की माझा भाऊ गेला, असं मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. मी म्हटलं, "विकू नको. पट मी आणते."

कसा पट हवा, ते ठरवायला मला वेळ लागला नाही. चार फूट लांब, चार फूट रुंद, कारण दादा जेवायचा त्या मेसमधली दोन टेबलं जोडली की तेवढीच जागा होत होती. गुंडाळून खांद्यावर नेता आला पाहिजे. उलगडल्यावर सपाट पडला पाहिजे. चमकायला नको, आणि फासा त्यावर टुणटुण उड्या मारायला नको. असे रबराच्या पाठीचे छापील पट ऑनलाइन मिळतात. मी किंमत पाहिली आणि मोबाइल उलटा ठेवला.

घरातली सतरंजी अंथरली. तिच्या जाड विणीवर भालेवाले उभेच राहीनात. मखमलीचं कापड आणलं, त्याची घडीची रेघ इस्त्रीनंही गेली नाही, आणि रेघेवर उभा केलेला प्रत्येक शिपाई पेंगलेला दिसायला लागला. रेक्झिन चांगलं सपाट पडलं, पण ट्यूबलाइट त्यात अशी चमकली की टेकडी कुठली आणि तलाव कुठला कळेना. फासा तर घसरत थेट खाली गेला.

फोनवर दादा म्हणाला, "एवढी कायले फिरून राहिली? संगणकावर जमिनीचं चित्र घे, फ्लेक्सवर छापून आण. स्वस्त पडते, एका तासात होते."

"मरेन, पण फ्लेक्स छापणार नाही."

"मरू नको बापा. लढाईत मर."

तो हसला नाही, आणि मीही तत्त्व सोडलं नाही. मी स्वतः पट करायचं ठरवलं. मांजरपाट घेतलं, म्हणजे आपलं साधं, जाड, न धुतलेलं सुती कापड. त्यावर खरी जमीन हवी म्हणून काकांच्या वावरातली काळी माती पिशवीभर आणली. पिठाच्या चाळणीनं चाळली, सुताराच्या गोंदात कालवली आणि तळहातानं कापडावर लिंपली. काय देखणा झाला तो पट! वऱ्हाडची लढाई वऱ्हाडच्या मातीवर, विकतच्या रबरावर नाही, असं मी मनातल्या मनात एक पत्रकसुद्धा लिहून टाकलं. दोन दिवस तो गच्चीवर वाळला.

काळी माती वाळली की काय करते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. उन्हाळ्यात वावरात अशा भेगा पडतात की चप्पल आत गेली तर काढायला काठी लागते. मलाही माहीत होतं. पण स्वतःच्या मातीवर माणसाचा फार भरवसा असतो.

मी पट गुंडाळला आणि अकोल्याची एसटी धरली. बडनेऱ्यापर्यंत थोडी भुकटी सांडली. मूर्तिजापूर येईस्तोवर शेजारच्या बाईंच्या लुगड्यावर ढेकळं होती. त्यांनी लुगडं झटकलं, माझ्या गुंडाळीकडे पाहिलं आणि विचारलं, "अवो बाई, वावर कुठं घेऊन चालल्या?"

दादाच्या मेसमध्ये पट उलगडला तेव्हा निम्मं वावर वाटेत संपलं होतं. उरलेल्याच्या खपल्या झाल्या होत्या. दादानं एक तोफ ठेवली, ती खपलीसकट कलंडली. दादानं ती उचलून तिच्या चाकांवरची माती फुंकली.

"वा, पत्रकबाई. लढाईच्या आधीच जमीन खचली."

आणि तो हसला. तीन महिन्यांत मी त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. आम्ही दुपारभर मेसची टेबलं पुसली. मी निघताना मात्र त्यानं शिपायांचा डबा बंद केला. "राहू दे आता. तो मानूस पुढच्या रविवारी येते," एवढंच म्हणाला.

घरी आले तेव्हा बाबा भाजीची यादी लिहीत बसले होते. मी रागारागानं सगळं सांगितलं: रबर महाग, मखमल नालायक, माती दगाबाज. बाबा ऐकत होते आणि लिहीत होते. मेथी, वांगे, सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यांनी कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला, "अजून काही आणाचं असन तर लिही." मी कागद उचलला आणि सवयीनं उलटला. मागे मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'चौकाला त्याचं आकाश परत द्या'. माझ्याच उरलेल्या गठ्ठ्यातलं पत्रक.

मी कागद हातात धरून बसले. फ्लेक्स छापायचं नाही, हे माझं तत्त्व. पण जे छापून, टांगून, जुनं होऊन गेलं, त्याची पाठ? ती तर कोरीच होती.

दुसऱ्या दिवशी मी फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकानदारानं मला ओळखलं.

"तुमीच ना त्या? आमच्या पोटावर पाय देणाऱ्या?"

"हो. मला एक जुनं फ्लेक्स हवं आहे."

"घ्या आता!" त्यानं काउंटरवरच्या माणसाला हाक मारून सांगितलं, "ताईले फ्लेक्स पाह्यजे म्हंते." मग माझ्याकडे वळला. "ताई, मी छापतो, पोट्टे लावते. काढाले कोनी येत नाई. हवेनं फाटते, नालीत जाते, मंग पान्याले वाट नाई. हे लिहा ना तुमच्या पत्रकात."

खरं सांगते, मला लाज वाटली. लावू नका असं मी दहा ओळी ओरडून सांगितलं होतं. उतरल्यावर काय, यावर एक ओळ नव्हती. दुकानदारानं कोपऱ्यावरच्या चौकातलं एक वाढदिवसाचं फ्लेक्स दाखवलं. "वाढदिवस कवाच होऊन गेला. हे एक मीच लावलं होतं, काढून न्या." त्यानंच शिडी दिली आणि खाली धरून उभाही राहिला.

त्या फ्लेक्सवर हात जोडलेले एक पुढारी होते आणि त्यांच्याभोवती गोल गोल चौकटींत पंधरा शुभेच्छुक. मी ते साबणानं धुतलं, उलटं केलं. पाठ करडी होती आणि अजिबात चमकत नव्हती. चार बाय चारचा तुकडा कापला. गुळगुळीत पाठीवर रंग टिकत नाही म्हणून आधी पॉलिश पेपर घासला. मग भिंतीच्या उरलेल्या रंगात स्पंज बुडवून हलके हलके ठिपके दिले, विटकरी, मातकट, थोडा हिरवा. जाड थर दिला की गुंडाळताना पोपडे निघतात, हे मी आता शिकले होते. रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलं, कारण तसं केलं की उलगडल्यावर कडा वर वळत नाहीत. काकांच्या वावरातला जुन्या पाइपाचा तुकडा घेतला, पट त्यात सरकवला आणि पाइपाला ओढणी बांधून खांद्यावर घेतला.

रविवारी कंडक्टरनं पाइपाकडे बोट केलं. "बंदूक हाये का काय?"

"नाही, रणांगण आहे."

"मंग त्याचं हाफ तिकीट घ्या," तो म्हणाला आणि पुढे गेला.

मेसच्या टेबलांवर पट पडला तो सपाट. एक कड उचलून दादानं खाली पाहिलं. पुढारी हात जोडून टेबलाकडे बघत होते. "याहिले कायले झोपवलं?" असं म्हणून त्यानं डबा उघडला.

पहिल्या तीन पाळ्या लढाईतच गेल्या. चौथ्या पाळीला माझे भालेवाले टेकडीवर चढत होते. त्यानं टेप लावली, वाकला आणि टेपकडेच बघत म्हणाला, "मले इथं करमत नाई. मेसमधी रोज एकटाच जेवतो. नोकरी सोडून येऊ का, असं वाटते कधी कधी."

मी फासा टाकला. पाच आला. त्याचे दोन शिपाई पडले.

"पाजी हायेस तू," तो म्हणाला आणि पुढचं सांगायला लागला. साहेबांबद्दल, गरम होणाऱ्या खोलीबद्दल, मेसच्या पातळ वरणाबद्दल. संध्याकाळ झाली तरी सांगतच होता. मधेच फोन वाजला. पुण्याचा माणूस स्टेशनवर उतरला होता.

"नाई विकत, साहेब," दादा म्हणाला. "सैन्य ड्यूटीवर हाये. याचं असन तर या, एक फौज तुमाले देतो."

तो माणूस आला. बिचारा हरला. चिडला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत बसला आणि पट कुठून घेतला म्हणून विचारत राहिला. आम्ही त्याला कड उचलून पुढारी दाखवले.

पट आता पाइपात दादाच्या खाटेखाली असतो आणि महिन्यातून दोन रविवार मी अकोल्याला जाते. नोकरी त्यानं सोडलेली नाही. माझं पत्रक मी मागे घेतलेलं नाही, घेणारही नाही. चौकाचं आकाश अजून परत मिळालेलं नाही. फक्त नव्या छपाईत शेवटी दोन ओळी वाढवल्या आहेत, त्याच इथंही लिहिते. तुमच्या चौकात तारीख उलटून गेलेलं एखादं फ्लेक्स असेल, तर ज्यानं लावलं त्याला विचारा, शिडी मागा आणि ते उतरवून उलटं करा. मग लहानपणी तुमच्याशी खेळणारं जे माणूस आता फोनवर फक्त "जेवलो" म्हणतं, त्याच्याकडे ते या रविवारी घेऊन जा.