भाषणातल्या पलटणी

दिल्लीत मयूर विहारातल्या आमच्या नव्या सोसायटीचा तो पहिलाच गणपती. श्रीलंकेत आपली फौज अडकली होती आणि आणखी जवान पाठवायचे का, यावरून संसदेत रोज भांडणं चालली होती. आमच्या मंडळानेही वादविवाद स्पर्धेला तोच विषय ठेवला. चिठ्ठीत मला ‘पाठवावेत’ ही बाजू आली. मग काय विचारता! कडक इस्त्रीची साडी, समोर माईक, आणि मी. टेबलावर मूठ आपटत मी पलटणींवर पलटणी रवाना केल्या. पहिली आले.

बक्षीस द्यायला शेजारच्या काकू उठल्या. त्यांचा मुलगा तिकडेच लढत होता. स्टीलचा डबा माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “छान बोललीस हो. आता तुझ्या नवऱ्यालाही धाड. त्याच्या बदली माझा लेक तरी घरी येईल.”

पहिल्या रांगेत मोदक खाणाऱ्या नवऱ्याला ठसकाच लागला.

“अहो काकू, ह्यांना झुरळाची भीती वाटते!” मी माईकवरच ओरडले.

मांडव हसला. काकूही हसल्या, पण डोळे पुसत.

पुढे त्यांचा लेक धडधाकट परतला. त्याच डब्यात चकल्या भरून मी भेटायला गेले. भाषण मात्र घरीच ठेवलं.