सुग्रीव मास्तरचा ओबद्या

गेवराईच्या अलीकडं, गोदावरीकाठच्या एका गावात, मांगवाड्याच्या तोंडाशी मिशनची शाळा होती. शाळा म्हणजे एक छप्पर आणि सुग्रीव मास्तर. मोठ्या दुष्काळात तो मिशनच्या अन्नावर वाढला, तिथंच लिहायला शिकला, ख्रिस्ती झाला. धाकटा भाऊ सिदू मरीआईलाच धरून राहिला. घरं पन्नास पावलांवर, पण येणं-जाणं तुटलेलं.

दर महिन्याला आश्रुबा पाळक तट्टावरून उपासना घ्यायला येत. जर्मनच्या लढाईच्या साली एकदा त्यांना ताप भरला. त्यांनी निरोप धाडला, "या रविवारी तुमीच बोला, मास्तर. बायबलातलं ओबद्याचं पुस्तक घ्या. एकच अध्याय हाय."

सुग्रीव शनिवारी दुपारी वाचायला बसला. गोष्ट साधी होती. एसाव आणि याकोब जुळे भाऊ. याकोबाचा वंश यरुशलेमात नांदला. एसावाचा अदोमात, उंच खडकांच्या कपारीत. आपल्याला इथून कोण खाली ओढतंय, ही त्यांची घमेंड. पुढं यरुशलेमावर शत्रू चालून आला, वेशी फुटल्या, तेव्हा अदोमची माणसं लांब उभी राहून बघत होती. मग लुटीत त्यांनी हात मारला, पळणाऱ्यांच्या वाटा अडवल्या. ओबद्या संदेष्टा त्यांना एवढंच सांगतो, की तो तुझा भाऊ होता. त्याच्या वाईट दिवशी तूही लुटारूंतलाच एक झालास. जे केलंस ते तुझ्याच डोक्यावर उलटंल.

सुग्रीवनं पुस्तक मिटलं.

तीन वर्षांमागं देशमुखाच्या लग्नघरी सिदूला वेठीला बोलावलं होतं. बायको भिवराबाई ओली बाळंतीण, म्हणून सिदू गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच चार गडी काठ्या घेऊन आले आणि झोपडी पाडायला लागले. सुग्रीव शाळेच्या दारात उभा होता. ओरडा ऐकू येऊ नये म्हणून त्यानं पोरांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावले. भिवराबाई तान्ह्याला छातीशी धरून धावत आली. "भावजी, आत घ्या."

"शाळा मिशनची हाय," तो म्हणाला. "मला इचारावं लागंल."

ती सिदूसंगं पळाली. मागून गडी आले. कुठं गेले, म्हणून त्यांनी विचारलं, आणि सुग्रीवनं ओढ्याकडं बोट केलं. पुढं पावसाळ्याआधी पडक्या झोपडीचे वासे त्यानं शाळेच्या छपराला घातले.

रविवारी वीसेक माणसं जमली. अदोमची गोष्ट सांगून झाली आणि तो स्वतःवर आला.

"सिदूची वाट मीच दाखवली," तो म्हणाला. "तुमी बसलाय त्या छपरात त्याच्या घराचे वासे हायत."

मग म्हातारी दगडाबाई म्हणाली, "वासे दिसत व्हते, मास्तर. आमी बी गप बसलो. पर बोट तुमी दाखवलं, हे ठावं न्हवतं."

सोमवारी शाळा बंद ठेवून तो निघाला. सिदू तेव्हापासून वडवणीला राहतो, एवढं त्याच्या कानावर होतं. दोन दिवस चालून तो तिथं पोचला. बाजाराच्या कडेला सिदू दोर वळत बसला होता. उजवा पाय गुडघ्यातून वाकडा. सुग्रीवनं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"ठावं हाय मला," सिदू म्हणाला. "ओढ्यावर पाय मोडताना त्ये गडीच बोलले, तुज्या भावानंच धाडलं म्हणून."

"मग कुणाला कावून सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? भाऊ हाय म्हणून सांगू?" सिदूचे हात चालूच होते. "माजं सोड. पाय हाय, चालतो कसा तरी. भिवराला सांग. त्या दिशी ती अंधार पडंस्तवर पाण्यात दडून बसली. ल्येकरू तिचं गेलं."

हे सुग्रीवला माहीत नव्हतं. संध्याकाळी दारात जाऊन त्यानं भिवराबाईला हाक मारली, जे केलं ते सांगितलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

शाळा सोडतो, असं त्यानं आश्रुबांना सांगितलं. ते म्हणाले, "सोडून कुठं जाताय? पोरं हायत." तो राहिला. त्यानंतर दर महिन्याला तो वडवणीला जायचा. सिदू बोलायचा, पिकापाण्याचं, दोराच्या भावाचं. भिवराबाई मात्र त्याच्याशी अखेरपर्यंत बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं त्यानं कधी मागितलंही नाही.