काकांचं खाकी पुडकं

पुरुषाला भेट कशी बांधून द्यावी, हे अख्ख्या औरंगाबादेत एकाच माणसाला कळत होतं आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आम्ही त्यांना काका म्हणायचो. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर तहसिलीत कारकून म्हणून चिकटले, ते सरकारी कागदांची दफ्तरं बांधता बांधताच निवृत्त झाले. काकू गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा गल्लीतल्या लोकांच्या भेटवस्तू बांधून द्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. बायकांच्या भेटींना हात लावायचे नाहीत. "त्याला चमकी लागती, ते आपलं काम नाय." पुरुषांसाठी मात्र तहसिलीतल्या दफ्तरासारखं वर-खाली पुठ्ठा, खाकी कागद, पांढरा दोरा आणि एका ओढीत सुटणारी गाठ. फूल नाही, फीत नाही, नावसुद्धा कोपऱ्यात पेन्सिलीनं. "गडी माणूस चारचौघांत भेट घेताना कावराबावरा होतो. काखेत मारून निघता आलं पाहिजे त्याला," हे त्यांचं शास्त्र. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मी दिलेलं गजराचं घड्याळ या शास्त्रापायी वाणसामान समजून थेट आचाऱ्याकडं गेलं आणि ऐन पंगतीत मसाल्याच्या पिशवीतून वाजलं. मी तणतणत गेलो, तर काका खूश! "बघ, तवर कुणाला पत्ता तरी लागला का?" कपाळ माझं!

दर दिवाळीला एक पुडकं ते नाशिकच्या मुलासाठी बांधून टपालानं धाडत. पिशोरचं शेत विकायचं की ठेवायचं, यावरून बापलेकांचं वाजलं होतं. मुलगा ताडकन निघून गेला, तो पत्रसुद्धा धाडीना. काका शहागंजच्या बाजारातून सदऱ्याचं कापड आणायचे, दोनदोनदा बोटांनी चाचपायचे आणि बांधताना मला समोर बसवायचे. चिठ्ठी टाका म्हटलं, तर म्हणायचे, "चिठ्ठी कशाला? कापड बघितलं की समजंल त्याला." मग पाडव्यापासून टपालवाल्याची वाट बघणं सुरू. तो दारावरून तसाच पुढं गेला, की काका उगाच त्याला पाऊस-पाण्याचं विचारायचे. मला फार वाईट वाटायचं. अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी मुलगा आला. मी तिथंच ओट्यावर बसलेलो. त्यानं पिशवीतून सहा पुडकी काढून काकांपुढं मांडली. एकाचीही गाठ सुटलेली नव्हती.

"बाबा, शेताचे कागद परत आणलेत. तुम्ही सही मागणार, पुन्हा भांडण होणार, म्हणून उघडलेच नाहीत. मला वाटा नको. तुमचं शेत तुम्हीच ठेवा."

मी "अरे" म्हणेपर्यंत काकांनी माझा गुडघा करकचून दाबला.

"व्हय, कागदच हायत," काका म्हणाले. "बरं केलं आणलेस. चहा घेतो ना?"

मुलगा संध्याकाळच्या गाडीनं गेला. मग मात्र मी भडकलो. सांगायचं तरी होतं! काका पुडकी ट्रंकेत रचत होते.

"सहा वर्षं बाप कापड धाडत व्हता आन् आपण गाठबी सोडली नाय, हे कळलं असतं तर पुन्हा यायला लाजला असता तो," ते म्हणाले. जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "लई जाड झालाय रं. ह्यातलं कापड पुरणारबी नाय त्याला."

आणि उद्या शहागंजात सोबत येतो का, म्हणून विचारलं. या खेपेला अर्धा मीटर जास्त घ्यायचं होतं.