सात नंबर आणि सरांचा आवाज

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणी असले अनुभव सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय… पण लिहितेच.

गुडगावला मेट्रो पोचायच्या आधीची गोष्ट. पुण्याहून आलेली मी मानेसरच्या एका कॅन्सर-संशोधनाच्या लॅबमध्ये होते. आमच्या उंदरांच्या अंगातल्या गाठी अंधारात मंद उजळायच्या. कॅमेरा तो उजेड टिपायचा आणि गाठ आत किती खोल आहे ते कॉम्प्युटर थ्रीडी चित्रात दाखवायचा. पण त्याआधी त्याला सांगावं लागे, उजेड कशातून येतोय - मांसातून की प्लास्टिकमधून. कारण रोज सकाळी मशीन तपासायला आम्ही त्यात एक प्लास्टिकचा उंदीर ठेवायचो.

हे सगळं मला जोशी सरांनी शिकवलं. त्यांचा जन्म दिल्लीच्या करोल बागेतला, शाळा पहाडगंजची मराठी, त्यामुळे अर्धं बोलणं हिंदीत. माझ्या खुर्चीमागे उभं राहून रोज तेच विचारायचे, "अच्छा, प्लास्टिक काढलंस का गं?" म्हणजे, प्लास्टिकचं सेटिंग बदललंस का. मला राग यायचा, मी काय कुक्कुलं बाळ होते?

मग सरांच्याच घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. त्यांचा लाडका सात नंबरचा उंदीर माझ्याकडे आला.

महिन्याभराने सातच्या चित्रात उजेड दिसला तो थेट यकृतापाशी. गाठ आत पसरली की उंदराला त्याच दिवशी इंजेक्शन देऊन कायमचं शांत करायचं, असा नियम. तीनची वेळ ठरली. मी फॉर्म भरत बसले, डोळे सारखे भरून येत होते.

अडीचला टेबलावरचा इंटरकॉम वाजला.

"अच्छा, प्लास्टिक काढलंस का गं?"

"काढलंय हो सर," मी सवयीने वैतागले आणि स्क्रीनकडे पाहिलं. काढलं नव्हतं! सकाळचं प्लास्टिकचं सेटिंग तसंच होतं. बदलून पुन्हा चित्र काढलं, तर उजेड कातडीच्या लगेच खाली, जिथे गाठ पहिल्यापासून होती तिथेच. सात वाचला. मी फॉर्म फाडला… आणि मग आठवलं, सरांना तर आता आवाजच नाही.

त्या इंटरकॉमला बाहेरचा फोन लागतच नसे. मजल्यावर मराठी बोलणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मनाचे खेळ म्हणावं, तर घंटी शेजारच्या सिंग मॅडमनेही ऐकली होती. आजही मला याचा उलगडा झालेला नाही.

रविवारी सरांकडे गेले. काकूंनी पोहे केले होते. सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. सरांनी पाटी ओढून लिहिलं, "कसा होता माझा आवाज?"

"होता तसाच, सर," मी म्हटलं. "खडसावणारा."

त्यांनी पाटी मांडीवर ठेवली आणि डोळे पुसले. काकूंनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांग ना. ते म्हणाले तसंच म्हणून दाखव."